तीन शुभवर्तमानांतील साम्य स्वतः कसे तपासावे

बायबलच्या नव्या करारात येशूचे चरित्र सांगणारी मत्तय, मार्क आणि लूक ही तीन शुभवर्तमाने लागोपाठ वाचणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. मत्तय संपवून मार्क हाती घेतला की हे आपण नुकतेच वाचले आहे असे वाटू लागते. लुकापर्यंत पोहोचताच ध्यानात येते की केवळ प्रसंगच नव्हेत, तर वाक्येही तीच आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र असे होत नाही, कारण त्याची मांडणी, भाषा आणि बहुतेक प्रसंग निराळे आहेत. या साम्याचे कारण शोधण्याचा प्रयत्न निदान सोळाशे वर्षांपासून चालू आहे आणि त्यावर ग्रंथांचे ढीग आहेत. तरीही माझे ठाम मत असे आहे की आधी सिद्धांत वाचू नयेत. आधी तीन रकाने आखावेत, रंगीत पेन्सिली घ्याव्यात आणि काय सारखे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, म्हणजे सिद्धांत नेमका कोणत्या गोष्टीचा उलगडा करू पाहतो हे कळते.

काही श्रद्धाळू वाचकांना हा प्रश्न विचारणेच अनुचित वाटते. त्यांनी लुकाची पहिली चार वचने सावकाश वाचावीत. आपल्या आधी पुष्कळांनी हा वृत्तांत लिहिण्याचे काम हाती घेतले होते, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आहे आणि त्या अनुक्रमाने लिहीत आहोत, असे तो थियफिल नावाच्या माणसाला उद्देशून लिहितो. आधीचे लेखन आपल्यासमोर होते हे लेखक स्वतःच सांगत असेल, तर ते कोणते होते हे विचारणे म्हणजे त्याचे म्हणणे मनावर घेणे होय.

तयारी

तिन्ही शुभवर्तमानांसाठी एकच भाषांतर वापरावे. बायबल सोसायटीचे जुन्या वळणाचे ‘पवित्र शास्त्र’ या कामाला चांगले, कारण त्यात शब्द शक्यतो जपलेले असतात. वाचनसुलभ भाषांतरे एरवी उपयोगी असली तरी येथे फसवतात, कारण ओघासाठी त्यांत एकाच मूळ शब्दाला तीन ठिकाणी तीन प्रतिशब्द दिलेले असू शकतात. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले भाषांतर मिळाले तर पडताळ्यासाठी जवळ ठेवावे. ग्रीक येत नसले तरी ओळीखाली शब्दशः अर्थ दिलेली ग्रीक प्रत शंकेच्या जागी पाहता येते, आणि अशा जागा पुष्कळ येतात.

फुलस्केप कागद आडवा धरून तीन रकाने आखावेत आणि उतारा हाताने लिहून काढावा. छापील प्रतीत डोळा पुढे पळतो, लिहिताना मात्र प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते. रंग चार लागतील: तिघांत समान असलेल्या शब्दांना लाल, मत्तय आणि मार्क यांच्यापुरत्या समान शब्दांना निळा, मार्क आणि लूक यांच्यापुरत्या समान शब्दांना हिरवा, आणि मत्तय व लूक यांच्यात समान पण मार्कात नसलेल्या शब्दांना पिवळा. जे एकाचेच आहे ते कोरे राहू द्यावे.

एक मोह सुरुवातीलाच टाळायला हवा. तिन्ही वृत्तांत जुळवून एक सलग कथा करण्याची सवय फार जुनी आहे. इ. स. 170 च्या सुमारास तातियन या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानांची एक कथा गुंफली होती, आणि आपल्याकडे थॉमस स्टीफन्स यांचे 1616 मध्ये गोव्यात छापले गेलेले ख्रिस्तपुराणही ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत अशाच एकसंध रूपात सांगते. ते काम आपापल्या जागी मोलाचे आहे, पण त्यात सांधे झाकले जातात. आपल्याला तर सांधेच पाहायचे आहेत.

पहिला उतारा: छपरातून खाली सोडलेला माणूस

मार्क 2:1–12 (म्हणजे दुसऱ्या अध्यायातील 1 ते 12 वचने), मत्तय 9:1–8 आणि लूक 5:17–26 हे उतारे घ्यावेत. कथा परिचयाची आहे. पक्षघात झालेल्या माणसाला येशूकडे आणतात, येशू आधी त्याच्या पापांची क्षमा जाहीर करतो, शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, मनात कुरकुरतात आणि मग तो बरा होतो. रंगवायला लागल्यावर पहिल्या वाक्यांत फार लाल दिसत नाही. चौघे जण, गर्दी, छप्पर उसकणे हे मार्कात तपशिलाने येते, लुकात थोडे वेगळे, म्हणजे कौलांतून खाली सोडल्याचे, आणि मत्तयात छपराचा उल्लेखच नाही. पुढे संवाद सुरू झाला की लाल रंग दाटू लागतो.

आता मार्कातील दहाव्या वचनापाशी थांबावे. मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हांला कळावे म्हणून, एवढे येशू शास्त्र्यांना म्हणतो आणि वाक्य तिथेच तुटते. मध्ये निवेदक शिरतो, ‘तो पक्षघाती माणसाला म्हणतो’ असे सांगतो, आणि मग येशूचे बोलणे ‘ऊठ’ या आज्ञेने पुढे सुरू होते. अर्धवट राहिलेले वाक्य पुरे होतच नाही. बोलणाऱ्याचे वाक्य असे तुटू शकते, पण निवेदकाने नेमके त्याच जागी शिरणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे. आणि ती तूट तिन्ही शुभवर्तमानांत त्याच जागी आहे. तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही घटना सांगितली असती तर येशूचे शब्द जुळणे समजण्यासारखे होते, परंतु निवेदकाची ही अडखळ तिघांना स्वतंत्रपणे सुचेल हे मला संभवनीय वाटत नाही.

याहूनही उघड खूण मार्क 13:14 आणि मत्तय 24:15 येथे आहे. ओसाडी आणणाऱ्या अमंगळ गोष्टीविषयी येशू शिष्यांशी बोलत असताना मध्येच ‘वाचणाऱ्याने हे समजून घ्यावे’ असे शब्द येतात. येशू बोलत आहे आणि समोर ऐकणारे आहेत. मग वाचणारा आला कुठून? ती लेखणीची सूचना आहे आणि ती दोघांत एकाच जागी आहे.

केवळ तोंडी परंपरेने हे घडेल का?

हा आक्षेप हलका नाही. येशू अरामी बोलत असे, त्याची वचने आधी तोंडोतोंडी पसरली, आणि लेखन त्यानंतर काही दशकांनी झाले. मार्काचा काळ साधारणपणे इ. स. 70 च्या आसपास मानला जातो, मत्तय आणि लूक यांचा त्यानंतर दहा-वीस वर्षांनी. मधल्या काळात लोकांनी पाठ करून गोष्टी जतन केल्या असणारच.

पण मौखिक परंपरेत काय टिकते हे आपण घरीच ऐकलेले आहे. श्रावणातली कहाणी दोन घरांत ऐकावी. ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे शेवटचे शब्द दोन्हीकडे तेच असतात, सुरुवातही ठरलेली असते, मधली वाक्ये मात्र सांगणाऱ्या बाईगणिक बदलतात. ठाशीव वचन टिकते आणि जोडवाक्ये सैल राहतात. शुभवर्तमानांत पुष्कळ ठिकाणी जोडवाक्येही जुळतात, प्रसंगांचा क्रम जुळतो, आणि हे सगळे अरामी नव्हे तर ग्रीक भाषेत जुळते. एकाच अरामी वाक्याचे दोघांनी आपापले ग्रीक भाषांतर केले असते तर शब्द इतके एक झाले नसते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ज्याला ‘रोजची’ भाकर म्हणतो तेथे ग्रीकमध्ये ‘एपिऊसियॉस’ हा शब्द आहे. तो इतका दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाला तो शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा असे वाटले. मत्तय 6:11 आणि लूक 11:3 या दोन्ही ठिकाणी तोच शब्द आहे. दोघांच्या मागे एकच ग्रीक पाठ असल्याशिवाय हे घडणे कठीण आहे.

मौखिक परंपरेला म्हणून बाद करू नये. ज्या उताऱ्यांत आशय एक पण शब्द फार वेगळे आहेत, तेथे तिचा हात असू शकतो. नियम असा ठेवावा की लाल दाट असेल तेथे लेखी संबंध गृहीत धरावा आणि विरळ असेल तेथे निर्णय राखून ठेवावा.

क्रम लिहून काढणे

शब्दांनंतर प्रसंगांचा क्रम पाहावा. मार्क 2:1 पासून 3:6 पर्यंत पाच प्रसंग एकामागून एक येतात: पक्षघाती माणूस, लेवीला बोलावणे, उपासाचा प्रश्न, शब्बाथ, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी कणसे मोडणे आणि वाळलेल्या हाताचा माणूस. लूक 5:17 ते 6:11 मध्ये हेच पाच प्रसंग याच क्रमाने आहेत. मत्तयात पहिले तीन नवव्या अध्यायात आहेत आणि उरलेले दोन थेट बाराव्यात. उलट, नासरेथात येशूला नाकारल्याचा प्रसंग मार्कात सहाव्या अध्यायात दाखल्यांनंतर, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथांनंतर, येतो. मत्तयातही तो दाखल्यांनंतरच, तेराव्याच्या शेवटी आहे. लूक मात्र तो उचलून चौथ्या अध्यायात, सेवाकार्याच्या आरंभीच ठेवतो.

वहीत असा तक्ता केला की दिसते की मत्तय वाट सोडतो तेव्हा लूक बहुधा मार्काबरोबर असतो आणि लूक सोडतो तेव्हा मत्तय. दोघे मिळून मार्काविरुद्ध एकच वेगळा क्रम धरतात असे सहसा आढळत नाही. जर्मन अभ्यासक कार्ल लाखमान यांनी 1835 मध्ये हे नेमकेपणाने मांडले. येथे एक सावधगिरी हवी, कारण अनेक पुस्तकांत या टप्प्यावर घाई होते. या तक्त्यावरून मार्क मध्यस्थानी आहे एवढेच सिद्ध होते. तो दोघांचा आधार असू शकतो, किंवा दोघांना समोर ठेवून शेवटी लिहिणाराही असू शकतो. दुसरा पर्याय योहान याकोब ग्रीसबाख यांनी अठराव्या शतकात मांडला होता. तीन शुभवर्तमाने समांतर रकान्यांत छापण्याची त्यांची पद्धतच आपण आज वापरत आहोत, आणि ‘एकत्र पाहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या तिघांना मिळालेले सिनॉप्टिक हे नावही तेथूनच रुळले. मत्तय आधी, मग मार्क, मग लूक ही परंपरेने चालत आलेली मांडणी इ. स. 400 च्या सुमारास ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यांनी केली होती आणि मार्क मत्तयाच्या मागे जात संक्षेप करतो असे त्यांना वाटले.

दिशा ठरवणे

कोण कोणावरून लिहितो आहे हे ठरवणे सर्वांत कठीण, आणि माझ्या मते सर्वांत आनंदाचे काम. मार्क हा संक्षेप आहे का हे तपासण्यासाठी येशूने जिवंत केलेल्या याईराच्या मुलीचा प्रसंग घ्यावा. मत्तयात तो 9:18–26 असा नऊ वचनांचा, लुकात 8:40–56 असा सतरा वचनांचा आणि मार्कात 5:21–43 असा तेवीस वचनांचा आहे. संपूर्ण पुस्तक सर्वांत लहान, पण एकेक कथा सर्वांत लांब. ‘तलीथा कूम’ हे अरामी शब्दही तेथे फक्त मार्कात आहेत. जो लेखक डोंगरावरील प्रवचन आणि प्रभूची प्रार्थना गाळून पुस्तक आखूड करतो, तो आहे त्या कथा फुगवत का बसेल? येशूला अटक झाली त्या गेथशेमानेत अंगावरचे तागाचे वस्त्र टाकून उघडाच पळून गेलेल्या तरुणाची दोन वचने (14:51–52) फक्त मार्कात आहेत. संक्षेप करणारा नेमकी तीच भर घालेल हे पटत नाही, पण पुढच्या दोघांनी ती गाळणे सहज समजते.

यानंतर खडबडीत जागा शोधाव्यात. नासरेथात येशूला कोणतेही महत्कृत्य करता आले नाही असे मार्क 6:5 म्हणतो आणि लगेच थोड्या आजाऱ्यांचा अपवाद जोडतो. मत्तय 13:58 मध्ये त्याने फारशी महत्कृत्ये केली नाहीत, एवढेच आहे. वादळात मार्कातले शिष्य येशूला विचारतात की आम्ही बुडतो याची तुम्हांला काळजी नाही का. मत्तयात तेच शिष्य प्रभूकडे वाचवण्याची विनवणी करतात. खडबडीत वाक्य गुळगुळीत होण्याची दिशा स्वाभाविक आहे, त्याच्या उलट दिशा नाही. एकाच उदाहरणावर भिस्त ठेवू नये, पण अशी दहा-बारा उदाहरणे वहीत जमली की कल स्पष्ट होतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा मात्र लेखकाच्या विसराचा आहे. मूळ मजकुरात लेखक सुरुवातीला बदल करतो, पुढे लक्ष ढळते आणि मूळ मजकूर आपोआप परत येतो. मार्काच्या सहाव्या अध्यायात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाच्या प्रसंगात, हेरोदाला सरसकट राजा म्हटले आहे. मत्तय 14:1 मध्ये त्याला मांडलिक म्हटले आहे, आणि हेरोद अंतिपाचे खरे पद तेच होते. पण नवव्या वचनात पाहावे: राजाला वाईट वाटले. मांडलिकाचा राजा झाला. शिवाय वाईट का वाटावे? मार्कात हेरोद योहानाला वचकून असतो आणि त्याचे आनंदाने ऐकतो, तेव्हा ते दुःख शोभते. मत्तयाने मात्र पाचव्या वचनात हेरोदालाच योहानाला मारायचे होते असे सांगितलेले आहे. हे दुःख मार्कातून आलेले आहे.

लुकातही असेच आहे. नासरेथचा प्रसंग त्याने पुढे आणला खरा, पण 4:23 मध्ये लोक ‘कफर्णहूमात केलेल्या ज्या गोष्टी आम्ही ऐकल्या त्या येथेही कर’ असे म्हणतील असे येशूच्या तोंडी राहिले. लुकाच्या कथेत येशू कफर्णहूमास जातो तो 4:31 मध्ये. या जागा दाखवताना लेखकांचा अनादर करण्याचा हेतू नाही. हाताने लिहिणाऱ्या, समोरच्या गुंडाळीवर प्रेम असलेल्या माणसाची ती खूण आहे, आणि मला ती पाहताना लेखक जवळचे वाटतात.

म्हणूनच बहुसंख्य अभ्यासक मार्काला पहिला मानतात. त्याच्या सुमारे 660 वचनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वचनांचा आशय मत्तयात आणि निम्म्याहून अधिक वचनांचा लुकात आढळतो.

पिवळा रंग

आता मत्तय 3:7–10 आणि लूक 3:7–9 शेजारी ठेवावेत. सापांच्या पिल्लांनो, अशी सुरुवात करून बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या क्रोधाविषयी बोलतो. मार्कात हे भाषण नाही. ऐकणारे वेगळे आहेत, मत्तयात परुशी व सदूकी या यहुदी पंथांचे लोक, लुकात लोकसमुदाय. पण भाषणाच्या साठेक ग्रीक शब्दांत फरक जेमतेम तीन-चार जागी आहे: मत्तयात फळ, लुकात फळे, मत्तयात असे मानू नका, लुकात असे म्हणू लागू नका, आणि लुकात एखाददुसरा जादा शब्द. अशी मार्कात नसलेली पण दोघांत समान असलेली वचने दोनशेहून थोडी अधिक आहेत आणि त्यांत मुख्यतः येशूचे उद्गार आहेत.

याचे एक उत्तर असे की दोघांसमोर येशूच्या वचनांचा एक ग्रीक संग्रह होता. ‘उगम’ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला क्यू म्हणतात. जर्मन अभ्यासक वाइसे यांनी 1838 मध्ये हा विचार मांडला, होल्ट्झमान यांनी 1863 मध्ये त्याला बळकटी दिली आणि स्ट्रीटर यांनी 1924 मध्ये तो इंग्रजीत सर्वमान्य केला. दुसरे उत्तर ऑस्टिन फॅरर यांनी 1955 मध्ये ठामपणे मांडले: लुकाने मत्तयच वाचला होता, म्हणून क्यूची गरजच नाही.

दोन्ही बाजू वहीत तपासता येतात. डोंगरावरील प्रवचन मत्तयात तीन अध्यायांचे, 111 वचनांचे आहे. लुकातले तसे प्रवचन 6:20–49 असे तीस वचनांचे आहे आणि उरलेला बराच मजकूर पुढे निरनिराळ्या अध्यायांत विखुरलेला आहे. इतकी सुंदर बांधणी लूक का मोडेल, असे क्यूवादी विचारतात. जन्मकथाही मांडाव्यात: मत्तयात पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी, लोक आणि मिसरात पलायन, लुकात मेंढपाळ आणि गव्हाणी. येशूच्या वंशावळींतही एक राजा दाविदापासून त्याचा मुलगा शलमोन याच्याकडे जाते, दुसरी नाथान या दुसऱ्या मुलाकडे. लुकाने मत्तय पाहिला होता असे यावरून वाटत नाही. पण मग मार्क 14:65 पाहावे. तेथे काही जण येशूचे तोंड झाकून त्याला भविष्य सांगण्यास बजावतात. मत्तय 26:68 आणि लूक 22:64 मध्ये त्यापुढे ‘तुला मारणारा तो कोण?’ हे शब्द आहेत, ग्रीकमध्ये अक्षरशः तेच. दोघांनी एकमेकांना पाहिले नसेल तर हे पाच ग्रीक शब्द आले कोठून? क्यूमध्ये येशूच्या दुःखसहनाची कथा होती असे कोणी सहसा मानत नाही. मला क्यूची बाजू अजूनही थोडी जड वाटते, पण क्यूची एकही हस्तलिखित प्रत सापडलेली नाही आणि तो आपण अनुमानाने उभा केलेला आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

शेवटचा आणि सर्वांत अवघड सराव

मोहरीच्या दाण्याचा दाखला यासाठी राखून ठेवावा: मार्क 4:30–32, मत्तय 13:31–32, लूक 13:18–19. मार्कात दाणा सर्व बियांत लहान आहे आणि वाढून सर्व भाज्यांत मोठा होतो, त्याच्या सावलीत पाखरे राहतात. लुकात दाणा लहान असल्याचे म्हटलेले नाही, पण त्याचे झाड होते आणि पाखरे फांद्यांत राहतात. मत्तयात दाणा सर्वांत लहानही आहे, भाज्यांपेक्षा मोठाही होतो आणि झाडही होतो. म्हणजे त्याच्या दोन वचनांत निळा आणि पिवळा एकमेकांत गुंतलेले दिसतात, दोन पाने समोर ठेवून एक वाक्य जुळवावे तसे. लगेच पुढे मत्तय आणि लूक दोघांतही खमिराचा दाखला येतो, जो मार्कात नाही.

हे रंगवून झाले की चौथा रकाना आखावा. 1945 मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक भाषेतील थोमाच्या शुभवर्तमानात येशूची 114 वचने आहेत आणि त्यांतील सुमारे निम्म्यांना या तीन शुभवर्तमानांत जोड सापडते. त्यातील विसावे वचन मोहरीचे आहे. तेथे दाणा सर्व बियांत लहान आहे, मशागत केलेल्या जमिनीत पडतो, त्याला मोठी फांदी फुटते आणि आकाशातल्या पाखरांना आसरा मिळतो. झाडाचा उल्लेख तेथे नाही, आणि खमिराचा दाखला शेजारी नसून दूर शहाण्णवाव्या वचनात आहे. हा रकाना कोणत्या रंगाने रंगवायचा हे प्रत्येकाने मार्काचा रकाना पुन्हा एकदा वाचून ठरवावे.